तगाईपासून ओवाळणीपर्यंत : वर्धा जिल्ह्यातील रोख साहाय्याचा इतिहास आणि त्याची शब्दसंपत्ती

१

समाजातील दुर्बल कुटुंबांना द्रव्यरूपाने साहाय्य कसे दिले जात असे, हे जाणण्याची दोन साधने आहेत. त्या साहाय्याचे नियम व हिशेब हे एक, आणि त्याला मिळालेली नावे हे दुसरे. पहिल्या साधनाचा उपयोग इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ नेहमीच करतात. दुसरे साधन त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. वस्तुतः नाव म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्याची नोंद असते. तीच रक्कम तगाई म्हणून हाती आली, खैरात म्हणून आली किंवा मजुरी म्हणून आली, तर घेणाऱ्याच्या घरातील तिचे मोल आणि चावडीवरील त्याचे स्थान ही दोन्ही बदलतात.

ह्या दृष्टीने वर्धा जिल्ह्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा कापूस-ज्वारीचा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांतून गेला, विसाव्या शतकात गांधीजी व विनोबा यांच्या प्रयोगांची भूमी ठरला, आणि एकविसाव्या शतकात थेट बँक-खात्यात रक्कम जमा करण्याच्या योजनांचा अनुभव घेणाऱ्या देशातील पहिल्या जिल्ह्यांपैकी एक झाला. तेव्हा येथील रोख साहाय्याचा मागोवा घेताना त्याच्या परिभाषेचाही मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

२

रोख साहाय्यासाठी मराठीत रुळलेला जुना शब्द म्हणजे तगाई. त्याचे मूळ अरबी 'तकावी' हे असून त्याचा धात्वर्थ 'बळ देणे' असा आहे. मराठीतील 'कुवत' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे तगाई ही शब्दशः कुवत देणारी रक्कम होय.

हा अर्थ केवळ व्युत्पत्तीपुरता नव्हता. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळी कोकणात असल्यामुळे वर्ध्याच्या भूमीशी त्या पत्राचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु मराठी राज्यव्यवहारातील साहाय्याची कल्पना त्यातून स्पष्ट होते. ज्याच्यापाशी मनुष्यबळ आहे पण बैल व दाणे नाहीत, त्या कुणब्याला बैलांसाठी रोख पैसे व पोटासाठी धान्य द्यावे, आणि पुढे व्याज न आकारता केवळ मुद्दल, तेही त्याच्या 'तवानगी'प्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. तवानगी हा फारसी शब्द. त्याचाही अर्थ सामर्थ्य असाच. अरबीतून एक व फारसीतून दुसरा असे आलेले हे दोन्ही शब्द घेणाऱ्याच्या उणिवेचे नव्हे, तर त्याला प्राप्त व्हावयाच्या बळाचे निदर्शक आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजी अमलात ही तगाई कायद्याच्या चौकटीत आली. १८८३ च्या जमीनसुधारणा कर्जाच्या कायद्याने विहिरी, बांध यांसारख्या कामांसाठी, तर १८८४ च्या शेतकरी कर्जाच्या कायद्याने बियाणे, जनावरे व आपत्तिनिवारण यांसाठी सरकारी रक्कम मिळण्याची तरतूद झाली. शब्द तोच राहिला. परंतु तवानगीप्रमाणे वसुली करण्याची लवचीकता जाऊन तिच्या जागी ठरलेली मुदत आणि तारण ही आली.

३

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताला, आणि त्यातील वर्धा जिल्ह्याला, ग्रासले. १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे ४ लक्ष असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ३ लक्ष ८५ हजारांवर आली. दुष्काळी कामांवरील मजुरी, अशक्तांना फुकट मदत आणि शिजवलेल्या अन्नाची छत्रे हे त्या वेळच्या सरकारी साहाय्याचे प्रमुख प्रकार होते. त्या सर्वांचा हेतू प्राण वाचविणे एवढाच होता. पाऊस पडल्यावर कुटुंब जिवंत असे, परंतु बैल मेलेले किंवा विकलेले असत आणि बियाण्याची ज्वारी खाऊन संपलेली असे. अशा कुटुंबाला जगविले गेले होते. उभे केले गेले नव्हते.

ही उणीव १८९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दुष्काळ धर्मादाय निधीने काही अंशी भरून काढली. सुमारे १ कोटी ७० लक्ष रुपयांच्या ह्या लोकवर्गणीच्या निधीची चार उद्दिष्टे होती : सरकारी शिध्याला पूरक मदत, अनाथांचे संगोपन, उघडपणे मदत न मागू शकणाऱ्या प्रतिष्ठित गरिबांना साहाय्य, आणि चौथे, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना नव्याने सुरुवात करून देणे. निधीचा मोठा वाटा ह्या चौथ्या उद्दिष्टावर खर्च झाला. बैल, बियाणे आणि पीक हाती येईपर्यंतचा उदरनिर्वाह यांसाठी शेतकऱ्यांना हे साहाय्य मिळाले, आणि ते परत करावयाचे नव्हते. १९०० च्या दुष्काळातही याच धर्तीवर निधी उभारण्यात आला.

ह्यानंतर नेमलेल्या १९०१ च्या दुष्काळ आयोगाने एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. संकट पुरते कोसळण्याच्या आधीच तगाई व तत्सम साहाय्य देऊन लोकांना धीर द्यावा, म्हणजे पुढील हानी व खर्च दोन्ही कमी होतात, असा त्याचा अभिप्राय होता. रक्कम किती, ह्या प्रश्नाइतकाच ती केव्हा, हा प्रश्न निर्णायक असतो, हे तत्त्व त्यात अधिकृतपणे मान्य झाले. मृगाच्या आधी मिळालेले शंभर रुपये आणि पोळ्यानंतर मिळालेले शंभर रुपये हे हिशेबवहीत समान असले तरी शेतात समान नसतात.

४

१९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये शेगाव येथे, म्हणजे पुढील सेवाग्रामात, राहू लागले. धडधाकट माणसाला फुकट देण्यास त्यांचा स्पष्ट विरोध होता. म्हणून त्यांच्या विचारात रोख साहाय्याचे रूप मजुरीचे झाले. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना बाजारभावाऐवजी निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. कातणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी असल्याने ही रक्कम प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती जाणार होती. मात्र ह्या मजुरीबरोबर कातणारणीने स्वतःही खादी वापरावी अशी अपेक्षा जोडलेली होती. साहाय्याला मजुरी म्हटल्याने घेणाऱ्याचा मान राखला गेला, परंतु खर्चाच्या निवडीवर देणाऱ्याची नजर राहिलीच.

पवनारला राहणाऱ्या विनोबांनी १९५१ पासून भूदानाच्या निमित्ताने 'दान' ह्या शब्दाचाच अर्थ बदलण्याचा प्रयत्न केला. दान म्हणजे उपकार नव्हे, तर समान वाटणी, असा शंकराचार्यांच्या भाष्यातील अर्थ ते आग्रहाने मांडीत. घेणारा हा याचक नसून वाटेकरी आहे, हे त्यात अभिप्रेत होते. सरकारी परिभाषेने मात्र हा अर्थ उचलला नाही. तिने दुसराच मार्ग धरला.

५

त्या मार्गावरील पहिला ठळक शब्द म्हणजे निराधार. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, परित्यक्ता इत्यादींना मासिक रोख रक्कम देणारी ही योजना अनेक घरांना आधार देत आली असून २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आली. तथापि आधार मिळविण्यासाठी प्रथम निराधार ठरावे लागते. तगाईचे नाव बळावरून पडले होते, हे नाव अभावावरून पडले.

दुसरा शब्द म्हणजे पात्र. २००६ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्हे देशाच्या चर्चेचा विषय झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा यांच्या जोडीला त्यात वर्धा होता. राज्य शासनाने मृताच्या कुटुंबास १ लक्ष रुपयांचे साहाय्य ठरविले. त्यातील ३०,००० रुपये हाती आणि ७०,००० रुपये मासिक व्याज देणाऱ्या ठेवीत, अशी विभागणी होती. हे साहाय्य मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरणे आवश्यक होते, आणि पात्रता जमिनीचा सातबारा, मान्य संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, व वसुलीचा तगादा यांवर अवलंबून होती. ज्याने मक्त्याने शेती केली, ज्याने नातलगाकडून हातउसने घेतले, किंवा ज्या स्त्रीच्या नावे जमीनच नव्हती, त्यांची प्रकरणे सहज 'अपात्र' ठरत. धर्मशास्त्रात दान देश, काल व पात्र पाहून द्यावे असे सांगितले आहे. तेथे पात्र म्हणजे दानाला योग्य अशी व्यक्ती. शासननिर्णयाने तोच शब्द घेतला आणि योग्यतेची परीक्षा कागदपत्रांकडे सोपविली. मृत्यूच्या दारी उभ्या असलेल्या कुटुंबाला 'अपात्र' हा शब्द काय वाटत असेल, याचा विचार परिभाषा घडविणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

ह्या साहाय्यासाठी रूढ झालेला 'सानुग्रह' हा शब्दही असाच आहे. लॅटिन 'एक्स ग्रेशिया'चा तो अनुवाद. जे देणे बंधनकारक नाही, केवळ कृपेने दिले जाते, ते सानुग्रह.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ह्याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील एका उपक्रमात शेतकऱ्यांना निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे देण्यात आली. कोरडवाहू कापसाच्या मुलखात चारा व पाणी यांची वाण असताना अनेक कुटुंबांना ही महागडी जनावरे पोसणे अशक्य झाले, आणि काहींनी ती विकून वा देऊन टाकली, हे त्या काळच्या वार्तांकनावरून सर्वश्रुत आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या धर्मादाय निधीने ज्याचे बैल गेले त्याला बैलांसाठी मदत केली. येथे गरज कोणती हे आधीच ठरलेले होते. वस्तू देणाऱ्याला घेणाऱ्याची गरज ओळखावी लागते, रोख रक्कम देणाऱ्याला ती घेणाऱ्यावर सोपविता येते, हा त्यातील भेद आहे.

६

१ जून २०१३ रोजी स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट बँक-खात्यात जमा करण्याची योजना देशातील काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत वर्धा होता. सिलिंडर पूर्ण किमतीस घ्यावयाचा आणि अनुदान नंतर खात्यात यावयाचे, अशी तिची रीत होती. हातावर पोट असलेल्या घरात प्रथम पूर्ण रक्कम उभी करणे हीच अडचण असते. २०१४ च्या आरंभी ही योजना थांबविण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून 'पहल' ह्या नावाने ती पुन्हा अमलात आली.

पुढे २०१९ मध्ये जमीनधारक शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणारी पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना, आणि २०२३ मध्ये राज्याची तितक्याच रकमेची नमो योजना आली. 'सन्मान' ह्या शब्दात तगाईच्या जुन्या अर्थाची काही छाया परत येते. परंतु सालदार, मक्त्याने कसणारा व भूमिहीन मजूर हे ह्या सन्मानाबाहेरच राहतात. घेणाऱ्याला आता 'लाभार्थी' म्हणतात. विद्यार्थी विद्येची इच्छा करतो, तसा लाभार्थी लाभाची. म्हणजे रक्कम हाती आल्यावरही तो व्याकरणदृष्ट्या इच्छुकच राहतो.

जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वर्षे वयाच्या व अडीच लक्षांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यास आरंभ केला. पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले आणि बोलीभाषेत ही रक्कम ओवाळणी झाली. हे नामकरण सूक्ष्म आहे. ओवाळणीचा विनियोग कोणी विचारीत नाही, ही त्यातील मोठी जमेची बाजू. रक्कम स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येते, हीसुद्धा. परंतु ओवाळणीवर दावा सांगता येत नाही. ती भावाच्या मर्जीवर असते. २०२५ मध्ये पडताळणी सुरू होताच 'अपात्र' हा शब्द पुन्हा यादीवर आला, तेव्हा नात्याची भाषा किती दूरवर पोचते हे स्पष्ट झाले.

७

अशी रक्कम घरात काय करते? याविषयी जुन्या मध्यप्रांताच्याच शेजारातून चांगला पुरावा मिळतो. २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्यप्रदेशात, इंदूरच्या परिसरातील गावांतून, एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढास प्रथम दरमहा २०० व नंतर ३०० रुपये, आणि मुलांना त्याच्या निम्मी रक्कम, कोणतीही अट न घालता देण्यात आली. मुलांचे पोषण सुधारले, शाळेवरील खर्च वाढला, लहान शेतकऱ्यांनी बियाणे व खते घेतली, काही मजूर स्वतःच्या शेतीकडे वळले आणि कर्जाचा भार हलका झाला. दारूवरील खर्च वाढेल ही भीती खरी ठरली नाही. ह्या यादीत १८९७ च्या निधीचे बियाणे व पोटगी ओळखू येतात. मुलांची शाळा तेवढी नवी आहे.

ह्यावरून इतके म्हणता येईल की दुर्बल कुटुंबांचे प्राधान्यक्रम ह्या सव्वाशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत; बदलली ती देणाऱ्यांची भाषा. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या खात्यातील दीड हजार रुपये तिला सावकाराकडील एक फेरी टाळू देतात, पण ते दर महिन्याला येतील असा भरवसा तिला असेल तरच. कृपा, पात्रता आणि ओवाळणी ह्या तिन्ही शब्दांत तो भरवसा नाही. तो तगाईच्या मूळ अर्थात होता, आणि विनोबांनी सांगितलेल्या वाटणीच्या अर्थातही होता. बळ द्यावयाचे असेल तर रक्कम वेळेवर, घेणाऱ्याच्या हाती आणि हक्काने पोचली पाहिजे. असा हक्क सांगणारा एक सोपा मराठी शब्द शासनव्यवहारात रूढ होणे अजून बाकी आहे.