जठराला पाडलेलं दार

जठराला भोक पडणं म्हणजे जिवावरचा प्रसंग, हे सर्जनांच्या पिढ्या शिकत आल्या. अल्सर फुटला की आम्ल, अन्न आणि जंतू पोटाच्या पोकळीत सांडतात. तातडीनं पोट उघडून ते भोक शिवावं लागतं. मग चांगल्याभल्या जठराला आतून मुद्दाम भोक पाडायचं आणि त्यातून पोटात शिरायचं, हे कुणाला सुचलं कसं?

सुरुवात एका साध्या गरजेतून झाली. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या जठरात नळी बसवायला पूर्वी पोट उघडावं लागे. १९७९ साली क्लीव्हलंडमध्ये मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी एका तान्ह्या बाळावर वेगळी रीत वापरली. तोंडातून दुर्बीण जठरात घातली, खोलीतले दिवे मंद केले. दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीतून जिथे दिसला तिथे सुई टोचली आणि त्या वाटेनं नळी बसवली. आज मोठ्या माणसांत हे काम बहुधा गुंगीचं औषध आणि जागेपुरती भूल देऊन होतं.

पुढची पायरी धाडसाची होती. २००४ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या अँथनी कॅलू आणि सहकाऱ्यांनी डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लवचिक दुर्बीण जठराची भिंत ओलांडून पोटाच्या पोकळीत गेली, यकृताचा तुकडा घेऊन परत आली. भोक आतूनच बंद केलं. त्याच सुमारास हैदराबादेत डॉ. जी. व्ही. राव आणि डॉ. नागेश्वर रेड्डी यांनी एका रुग्णाचं अपेंडिक्स याच वाटेनं, तोंडातून बाहेर काढलं. त्या रुग्णाचं पोट वरून भाजलेलं होतं, त्यामुळे तिथे चिरा देणं अवघड होतं. या कामाची चित्रफीत परिषदांमध्ये दाखवली गेली आणि जगभरच्या सर्जनांचे डोळे विस्फारले.

मग लाट आली. ‘व्रणाशिवाय शस्त्रक्रिया’ हे शब्द भुरळ घालणारे होते. पूर्ण भूल लागणार नाही, रुग्ण लवकर घरी जाईल, अशाही आशा होत्या. प्रत्यक्षात बहुतेकांना पूर्ण भूल द्यावीच लागली. वळणाऱ्या दुर्बिणीला हातातल्या सरळ अवजारासारखा जोर नसतो. सगळ्यात मोठी अडचण पहिलीच होती: पाडलेलं भोक खात्रीनं मिटवायचं कसं? ते गळलं तर एका व्रणाच्या बदल्यात जीव पणाला. शिवाय लॅपरोस्कोपीचे व्रण मुळात बोटाच्या पेराएवढेही नसतात. २००७ साली स्ट्रासबुर्गमध्ये जाक मारेस्को यांच्या चमूनं पित्ताशय काढलं तेही योनिमार्गानं, कारण तिथलं छेदन शिवणं सोपं. जठराचं दार मागे पडलं.

पण ते बंद झालं नाही. स्वादुपिंडाला तीव्र सूज आली की कधीकधी त्याचा भाग मरतो, त्यात पू होतो. हा गळू बरेचदा जठराच्या पाठीला चिकटलेला असतो. पूर्वी पोट उघडून तो साफ करत, आणि त्यात अनेक रुग्ण दगावत. जठरातून गेलं तर मधे फक्त एक भिंत. शिवाय इथे भोक मिटवायचं नसतंच. निचरा होत राहावा म्हणून ते उघडं ठेवायचं असतं. त्यासाठी आता डमरूच्या आकाराची धातूची जाळीदार नळी मिळते. २०१८ साली नेदरलँड्समधल्या ९८ रुग्णांच्या अभ्यासात ही वाट आणि कातडीतून जाणारी वाट यांची तुलना झाली. मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतींत ठळक फरक दिसला नाही. पण जठरातून उपचार झालेल्यांना स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपण्याचा त्रास कमी झाला आणि इस्पितळातले दिवसही कमी लागले.

ज्यांना फक्त व्रण नको होता, त्यांच्यासाठी ही वाट टिकली नाही. हैदराबादच्या त्या भाजलेल्या रुग्णासारखे, ज्यांच्यासाठी पुढची वाट अवघड किंवा महागात पडणारी होती, त्यांच्यासाठी मात्र मागचं दार उघडं राहिलं.