पटेल : गाव चरोतर, मुक्काम वेम्बली

आडनावांचे नकाशे काढण्याचा उद्योग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या भूगोलतज्ज्ञांनी हाती घेतला, तेव्हा त्यांनी दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक १८८१च्या ब्रिटिश खानेसुमारीची, दुसरी १९९८च्या मतदारांची. मधल्या शतकात दोन महायुद्धं झाली, खाणी बंद पडल्या, शहरं फुगली. तरी कित्येक इंग्रजी आडनावं आपापल्या परगण्यात ठाण मांडून बसलेली दिसली. कॉर्नवॉलची आडनावं अजून कॉर्नवॉलमध्येच दाट. पटेलांची गोष्ट अगदी उलटी. जुन्या यादीत ते शोधूनही सापडायचे नाहीत, नव्या यादीत मात्र लंडनपुरते थेट स्मिथ-जोन्सांच्या पंगतीला. एवढ्या थोड्या काळात एवढं वर चढलेलं दुसरं आडनाव ब्रिटनमध्ये क्वचितच असेल.

हे सगळे एका घराण्याचे, निदान एका जातीचे असतील, असा तिथल्या लोकांचा समज असतो. मराठी माणसाचा तसा होऊ नये, कारण हेच आडनाव आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. फक्त आपण त्याला पाटील म्हणतो.

पाटील आणि पटेल दोघंही 'पट्टकिल' या शब्दाची लेकरं. दहाव्या-अकराव्या शतकातल्या माळव्याच्या परमार राजांचे ताम्रपट काढून पाहिले, तर वाक्पती मुंज असो की भोज, गाव दान देताना राजा त्या गावच्या रहिवाशांना, पट्टकिलाला आणि इतर प्रजेला उद्देशून बोलतो. म्हणजे जमिनीचा पट्टा ज्याच्या हाती, सारा गोळा करून सरकारात भरायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, तो. प्राकृतातून उतरताना शब्दाची झीज झाली. मराठीत पाटैल-पाटील झालं, गुजरातीत पटेल. इंग्रज साहेबांनी हा भेद फारसा मानलाच नाही. मुंबई इलाख्याच्या दप्तरात साताऱ्याचा पाटीलही 'पटेल'च लिहिला जाई. ती सवय इतकी मुरली, की महाराष्ट्र सरकारनं १९६२ साली मुलकी पाटीलकी बरखास्त केली, त्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'रेव्हेन्यू पटेल्स' असेच शब्द आहेत.

हुद्दा म्हटला की तो कुणालाही मिळू शकतो. मुंबईत तो एका पारशाला मिळाला. १६९२च्या सुमाराला प्लेगनं किल्ल्यातली शिबंदी खिळखिळी झाली असताना जंजिऱ्याच्या सिद्दीनं बेट बळकावलं. रुस्तम दोराबजी नावाच्या पारशानं कोळ्यांची फौज उभी करून त्याला हुसकून लावलं. कंपनीनं खूश होऊन त्याला कोळ्यांची पाटीलकी दिली आणि पुढे त्या पारशी घराण्याचं आडनावच पटेल पडलं. मराठवाड्यात मुसलमान पटेल आहेत, तेलंगणात पटेल-पटवारी होते. ब्रिटनच्या नकाशावरचा ठिपका कुठल्या पटेलाचा, हे नुसत्या आडनावावरून ओळखायला जाऊ नये ते यामुळे.

त्यातल्या बहुसंख्य ठिपक्यांची मुळं मात्र एका छोट्या पट्ट्यात सापडतात. मही आणि शेढी नद्यांच्या मधली गुजरातची ही सपाट, गोराडू मातीची जमीन म्हणजे चरोतर. आजचा आणंद जिल्हा आणि खेड्याचा काही भाग. इथले शेतकरी मुळात कणबी. गावाचा सारा एकत्र ठरवायचा आणि तो भरायची जबाबदारी घराण्यांनी 'पाटी' म्हणजे हिश्श्यांनी वाटून घ्यायची, अशी नरवा पद्धत इथे होती. ज्याच्याकडे पाटी, तो पाटीदार. हळूहळू ज्याची पाटी चतकोर उरली तोही स्वतःला पाटीदार म्हणवू लागला आणि १९३१च्या खानेसुमारीत कणबी हे नाव मागे पडून पाटीदार ही जात म्हणून नोंदली गेली. आडनावाचं तेच झालं. गावाचा पटेल एक, फार तर दोन-चार. पण त्याचे भाऊबंद, त्यांचे मुलगे, नातू सगळे पटेल. त्याच जातीत ज्यांच्याकडे वरची कामं होती ते अमीन आणि देसाई झाले. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही दप्तरातली पदं जशी दारावरच्या पाट्यांवर आली, तसंच हे.

चरोतरात मानाची गावं सहा. करमसद, नडियाद, वसो, धर्मज, भादरण, सोजित्रा. यांना 'छ गाम' म्हणतात. करमसद म्हणजे वल्लभभाई आणि विठ्ठलभाईंचं गाव. या सहांच्या घरात मुलगी द्यायची तर खालच्या वर्तुळातल्या बापाला घसघशीत 'वांकडो' म्हणजे हुंडा मोजावा लागे. जमिनीचे तुकडे होत चाललेले, वांकडो वाढत चाललेला. त्यात विक्रम संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ आला. गुजरातेत आजही त्याला 'छप्पनियो' म्हणतात. पाठोपाठ प्लेग. पोरं घराबाहेर काढायला एवढं पुरेसं होतं.

पण बाहेर पडून ती नुसती मजुरीला गेली नाहीत, याला माझ्या मते निम्मं श्रेय बडोद्याला द्यायला हवं. चरोतरचा मोठा भाग गायकवाडी होता आणि सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पेटलाद-भादरणच्या पोराला लिहिता-वाचता येत होतं, हिशेब येत होता, जोडीला थोडंफार इंग्रजी. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली ती सुमारे ३२,००० हिंदुस्थानी मजुरांनी, आणि त्यातले बहुतेक पंजाबी होते. रूळ टाकून झाल्यावर तिकिटं फाडायला, माल नोंदवायला, तार मारायला माणसं लागली. तिथे पटेल शिरले. एकानं नोकरी धरली की तो भावाला बोलवी, भाऊ मेहुण्याला. मग स्टेशनाबाहेर दुकान, जिंजाला कापूस, कंपालाला पेढी. गावाकडे चुनेगच्ची घर उठायचं आणि दर्शनी भिंतीवर बांधणाऱ्याचं नाव नि साल कोरलेलं असायचं.

पूर्व आफ्रिका स्वतंत्र झाली ती १९६१ ते १९६३ या तीन वर्षांत. तिथल्या हिंदी लोकांपुढे प्रश्न आला, नागरिकत्व कुठलं घ्यायचं. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. तेव्हा ती फक्त खबरदारी होती. केनियानं १९६७ साली परदेशी नागरिकांना कामाचे आणि व्यापाराचे परवाने सक्तीचे केले, तशी विमानं भरून लंडनला जाऊ लागली. तेवढ्यात ब्रिटिश पार्लमेंटनं १९६८च्या फेब्रुवारीत अवघ्या तीन दिवसांत कायदा करून दार लोटून घेतलं. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी आईबाप किंवा आजा-आजीपैकी कुणाचा तरी ब्रिटनशी जन्मानं वा नागरिकत्वानं संबंध दाखवा, नाहीतर रांगेत थांबा. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाना मिळेल. आपल्याच पासपोर्टधारकांना आपल्याच सीमेवर अडवायची ही तऱ्हा मुरब्बी सावकारालाही सुचली नसती.

४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीननं युगांडातल्या आशियाईंना देश सोडायला सांगितलं. मुदत ९० दिवसांची. नेता येत होते माणशी जेमतेम ५०-५५ पौंड. ब्रिटननं सुमारे २८,००० लोकांना घेतलं, पण नाइलाजानं. स्टॅनस्टेडला विमान उतरलं की बसनं जुन्या लष्करी छावण्यांत न्यायचं. सफोकमधलं स्ट्रॅडिशॉल, वेल्सच्या किनाऱ्यावरचं टॉनफनाउ ही त्यातलीच. पुनर्वसन मंडळानं देशाचे 'लाल' आणि 'हिरवे' भाग पाडले होते. लाल म्हणजे आधीच आशियाई भरलेत, तिकडे जाऊ नका. लेस्टर लालमध्ये होतं. त्या नगरपालिकेनं तर कंपालाच्या 'युगांडा आर्गस' वर्तमानपत्रात जाहिरातच दिली, की घरं नाहीत, शाळा भरल्यात, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका. आता 'येऊ नका' असं ज्या गावानं पैसे मोजून छापलं, त्याचं नाव निर्वासितांच्या घराघरात झालं, आणि ज्याचा चुलता-मामा तिथे होता तो तिथेच गेला. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर आज दिवाळीला जी गर्दी लोटते, ती बघायला लोक लांबून येतात.

लंडनमध्ये पटेल वायव्य बाजूला एकवटले. ब्रेंट आणि हॅरो हे दोन बरो, त्यात वेम्बलीचा ईलिंग रोड. १९९५ साली नीसडनला उभं राहिलेलं स्वामीनारायण मंदिर याच पट्ट्यात आहे. ज्या संस्थेनं ते बांधलं, तिच्या नावातलं 'बोचासणवासी' म्हणजे चरोतरातलं बोचासण गाव.

पटेल म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, हे समीकरण सत्तर-ऐंशीच्या दशकांत पक्कं झालं. सुपरमार्केटांपुढे टेकीला आलेले इंग्रज दुकानदार दुकान विकायला निघाले होते, आणि ही मंडळी भांडवल नसलं तरी घरातल्या चार-पाच माणसांची मेहनत घेऊन आली होती. न्यूजएजंटचा दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. दारात पडलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे आत ओढायचे, पट्टी कापायची, प्रत मोजायची आणि प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं घरनंबर लिहून टाकणाऱ्या पोराच्या पिशवीत त्याच्या वाटेच्या क्रमानं भरायचे. शाळेत जाण्याआधी हे काम केलेली एक अख्खी पिढी तिथे आहे. या पिढीनं पुढे दुकान चालवलं नाही. १९९४च्या कायद्यानं मोठ्या दुकानांना रविवारी उघडायची मुभा मिळाली, छोट्यांचा हक्काचा वार गेला; आणि पोरं तोवर फार्मसी, डॉक्टरकी, अकाउंटन्सीकडे वळली होती. औषधाच्या दुकानावर मात्र पाटी अजूनही पुष्कळदा पटेलांचीच असते.

ब्रिटनमधले इथवरचे पटेल हिंदू. नकाशावर लंडन-लेस्टर सोडून वर लँकेशरकडे सरकलं, की ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टनला आणि डोंगर ओलांडून यॉर्कशरच्या बॅटलीला पुन्हा पटेलांची दाटी लागते. बोल्टन मिश्र आहे, तिथे स्वामीनारायण मंदिरंही आहेत. पण या बाजूचे बरेचसे पटेल भरुच जिल्ह्यातले सुन्नी व्होरा. कापूस पिकवणारे मुसलमान शेतकरी, ज्यांच्या गावांची पटेलकी त्यांच्याच घरांत होती. आफ्रिकेचा वळसा न घेता त्यातले बरेच थेट आले, १९५०-६०च्या दशकांत. कापड गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळत नव्हती, गोऱ्या कामगारांना ती नको होती. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवरचा १९६२चा निर्बंध लागू व्हायच्या आधी पोचायची घाई होतीच. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातली माणसं कापूस विणणाऱ्या गावांत उतरली; पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली.

उमरावांच्या सभागृहात एके काळी हा भेद नजरेत भरायचा. ब्लॅकबर्नचे लॉर्ड ॲडम पटेल हे भरुचकडचे मुसलमान. स्कॉटलंडात डंडीला नावारूपाला आलेले प्रसूतितज्ज्ञ लॉर्ड नरेंद्र पटेल हे टांगानिकात जन्मलेले. आडनाव एक म्हणून नावापुढे गाव लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रुग्णांच्या नावांवरून दक्षिण आशियाई माणसं ओळखण्यासाठी ब्रॅडफर्डला 'नाम पहचान' नावाची संगणकप्रणाली बनली होती. पटेल दक्षिण आशियाई हे तिला चटकन कळेल. मंदिरात जातो की मशिदीत, हे कळायला पहिलं नावच बघावं लागतं.

याच्या बरोब्बर उलट प्रकार कच्छच्या लेवा पटेलांचा. भुजभोवतीच्या माधापर, बळदिया अशा गावांतले हे लोक केनियात गवंडीकाम-सुतारकाम करत वाढले आणि तिथून लंडनला आले. विल्सडन, केंटन, स्टॅनमोरची स्वामीनारायण मंदिरं त्यांची. जातीनं पटेल, पण आडनावं हालाई, हिराणी, वेकरिया, पिंडोरिया, केराई, भुडिया. त्यांनी कुळाची 'अटक' म्हणजे आडनाव सोडलं नाही, त्यामुळे 'पटेल' म्हणून मोजणी करणाऱ्याच्या जाळ्यात हे हजारो पटेल सापडतच नाहीत.

क्रिकेटवाल्यांना दीपक पटेल आठवेल. जन्म नैरोबीचा, खेळ शिकला आणि नावारूपाला आला वुस्टरशरला, आणि १९९२च्या विश्वचषकात नव्या चेंडूनं ऑफस्पिन टाकली ती न्यूझीलंडकडून. आफ्रिकेपासूनचा सगळा प्रवास एका स्कोअरकार्डात मावतो.

पटेल पटेलाला भेटला की आडनाव विचारण्यात अर्थच नसतो. पहिला प्रश्न असतो, 'कया गामना?' लग्नंही गावावरून जुळतात. आपल्याकडे सारख्या आडनावात सोयरीक म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस आधी कूळ विचारतं. पटेलांत वधू पटेल, वर पटेल हाच शिरस्ता. तिथे निषिद्ध आहे ते एका गावातलं लग्न, कारण धर्मजची सगळी पोरं एकमेकांची भावंडं, मग ती कंपालात जन्मलेली असोत की हॅरोच्या इस्पितळात. म्हणून लंडनमध्ये धर्मजवाल्यांची संस्था वेगळी, भादरणवाल्यांची वेगळी, आणि छ गाम, चोवीस गाम, सत्तावीस गाम अशा समाजांचे स्थळमेळावे निराळे. अलीकडे या वर्तुळांच्या भिंती बऱ्याच पातळ झाल्या आहेत. मुलं परस्पर जमवून येतात, चोवीसचा मुलगा छच्या घरात जावई होतो आणि वांकडोचा विषय कुणी काढत नाही. गाव मात्र आजी अजून विचारते.