पॅरिश आणि धर्मग्राम

मीरा रोडच्या शांती नगरात सेक्टरचा आकडा सांगितला की घर सापडते. इथला कॅथलिक माणूस आणखी एक पत्ता सांगतो: पॅरिश, म्हणजे त्याच्या चर्चचा परिसर. मूळ ग्रीक ‘पारोइकिया’. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘ओइकोस’ म्हणजे घर. परमुलखात बिऱ्हाड करून राहणे, हा त्याचा जुना अर्थ. गोव्या-मंगळूरहून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्यांना याहून चपखल शब्द कुठला? वसईकरांनी त्याचे ‘धर्मग्राम’ केले. शब्द झकास, पण त्यात उपरेपण पुसले जाते. पॅरिशमध्येही पुन्हा छोटे समूह असतात: आसपासच्या इमारतींतली माणसे कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतात, बायबल वाचतात, आजाऱ्याची विचारपूस करतात. अनेक पॅरिश मिळून धर्मप्रांत होतो. वसईचा धर्मप्रांत १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. खाडीअलीकडचे मीरा-भाईंदर मुंबई महाधर्मप्रांतातच राहिले.