शीग, पासंग आणि पाच रुपयांचा पुडा

आमच्या प्राध्यापक-कक्षात दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा फोडण्याचा प्रघात जुना आहे. पूर्वी तो चौघांना पुरत असे. आता दोघांतच संपतो. किंमत तीच, वेष्टनावरील चित्र तेच. वजन मात्र उतरले आहे, आणि ते उतरलेले वजन ग्रॅममध्ये प्रामाणिकपणे छापलेलेही आहे. फसवणूक झाली म्हणावे तर कायद्याने झालेली नाही. झाली नाही म्हणावे तर मन मानत नाही. या पेचातून वाट काढताना आम्ही, सवयीप्रमाणे, शब्दांकडे वळलो.

मापाभोवतीचा मराठी शब्दसंग्रह मोठा संपन्न आहे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर ही धान्याची मापे दुपटीदुपटीने चढत. चार शेरांची पायली. पायल्यांचा मण मात्र कोठे बारांचा, तर कोठे सोळांचा. म्हणजे नाव एक असले तरी माप सर्वत्र एक नव्हते, आणि परगावच्या बाजारात उतरणाऱ्यास ते आधी विचारून घ्यावे लागे. त्यातही माप हात फिरवून सपाट द्यायचे की वर शीग लावून, हा प्रश्न उरेच. ‘शिगोशीग’ हा आज आनंदासाठी वापरला जाणारा शब्द मुळात धान्याच्या त्या वर चढलेल्या निमुळत्या राशीचा आहे. ‘पासंगालाही न पुरणे’ यातला पासंग म्हणजे तराजूची पारडी समतोल करण्यासाठी हलक्या बाजूस लावलेले वजन. काटा मारणे, दांडी मारणे हे लबाडीचे प्रयोग. (आमच्या विद्यार्थ्यांना दांडी मारण्याचा दुसराच अर्थ ठाऊक आहे, आणि त्यात ते निष्णात आहेत.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष येतो, खोट्या मापांसाठी दंडही येतो. तेव्हा संशय जुनाच. पण या सगळ्या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते. वाण्याचा हात दिसतो, म्हणून त्याच्याशी भांडता येते.

१९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक मापे आणण्याचे ठरले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात येऊ लागली. ऐंशी तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर दुकानातून गेला. ‘शेरास सव्वाशेर’ मात्र भाषेत राहिला. पायलीचा गोंधळ मिटला, हे उपकारच. पुढे माल आयताच पुड्यांतून येऊ लागला आणि मापण्याची क्रिया कारखान्यात गेली. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पुड्यावर वजन व किंमत छापणे बंधनकारक केले, आणि काही नित्योपयोगी वस्तूंचे पुडे कोणत्या वजनांत विकावेत हेही ठरवून दिले. गिऱ्हाइकाचा डोळा गेला, त्याच्या जागी नियम आला.

किंमत तीच ठेवून वजन उतरविण्याची रीत मात्र आजची नव्हे. इंग्लंडमध्ये तिसऱ्या हेन्रीच्या काळात, १२६६ च्या सुमारास, पावासंबंधी जो कायदा झाला त्याचे तत्त्वच हे होते. पावाची किंमत फार्दिंग किंवा पेनी अशी नाण्याला बांधलेली. गहू महागला की पाव लहान होई. ठरावीक मापाच्या गव्हाचा भाव १२ पेनी असताना फार्दिंगच्या पावाचे जे वजन, ते २४ पेनीच्या भावाला बरोबर निम्मे. नाणे मोडता येत नाही, पाव लहान करता येतो. आपल्या पाच रुपयांच्या पुड्यामागील हिशेबही हाच. तरी दोहोंत मोठे अंतर आहे. तेथे पाव किती लहान व्हावा हे भटारी ठरवीत नसे. गव्हाचा भाव पाहून नगराचे अधिकारी ते ठरवीत आणि जाहीर करीत. त्याहून हलका पाव विकणाऱ्यास दंड होई, वारंवार विकल्यास चव्हाट्यावर खोड्यात उभे राहावे लागे. शिवाय गहू उतरला की पाव पुन्हा वाढे. पुडा पुन्हा वाढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही व्यवस्था लंडनमध्ये आधी आणि उर्वरित इंग्लंडात १८३६ साली संपली.

आपल्याकडे ठरावीक वजनांचे बंधन नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. तिच्या बदल्यात दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत छापण्याची तरतूद आली. युक्तिवाद असा, की हिशेब समोर असल्यावर ग्राहक स्वतःच ताडून पाहील. आम्हांस हे पटत नाही. ताडून पाहण्यास गेल्या महिन्याचा पुडा जवळ असावा लागतो, आणि तो तर चहाबरोबर संपलेला असतो. रोजच्या मजुरीतून रोजचे तेल-साबण घेणाऱ्या घरात तर हिशेबाचे एकच साधन असते, ते म्हणजे हातातले नाणे. तेच नाणे, तोच पुडा, आणि महिनाअखेर काहीतरी पुरत नाही एवढेच कळते. महागाई बोलून दाखविता येते. या तुटीला तोंडच नाही.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूजवळ फलक लावणे भाग आहे: वजन इतके होते, इतके झाले, दर एककाची किंमत इतकी वाढली. मध्ययुगातील नगराधिकाऱ्यांची जाहीर घोषणा या फलकाच्या रूपाने परतली, असे आम्हांस वाटले.

इंग्रजीत या प्रकाराला ‘श्रिंकफ्लेशन’ हा शब्द रूढ झाला आहे. मराठीत काय म्हणावे यावर आमचा वाद अद्याप मिटलेला नाही. एकाने ‘मूकघट’ सुचविला. दुसऱ्याचे म्हणणे असे, की घट धान्यात आपोआप येते, वाळल्याने किंवा सांडल्याने. येथे तर कोणीतरी ती ठरवून आणली आहे, आणि शब्दात तो हात दिसायला हवा.