एचडी व्हिडिओ वेबसाइटवर अडकतोय? एक्स्पोर्ट करताना कोणते आकडे बघायचे?

समजा, घाटकोपरच्या तुमच्या गोविंदा पथकाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे. रात्रभर जागून एडिट केलाय, लॅपटॉपवर एकदम लख्ख दिसतोय. पथकाच्या वेबसाइटवर टाकला आणि ग्रुपवर लिंक पाठवली. बोरिवलीहून चर्चगेट लोकल पकडलेल्या मित्राने ती उघडली. कांदिवली गेलं, मालाड गेलं, स्क्रीनवर गोल फिरतंच आहे. अंधेरीला कसाबसा व्हिडिओ सुरू झाला आणि सातवा थर चढताना पुन्हा थांबला. मित्राने लिंक बंद केली.

अशा वेळी आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पण बऱ्याचदा दोष फाइलमध्ये असतो आणि तो एक्स्पोर्टच्या वेळीच टाळता येतो. कसा, ते समजून घेऊया.

आधी ओळखा: बफरिंग की झटके?

व्हिडिओ ‘अडकतो’ असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. पहिली बफरिंग. यात पुढचा डेटा वेळेत पोहोचत नाही, म्हणून चित्र थांबतं. दुसरी झटके. डेटा आलेला असतो, पण हालचाल सलग दिसत नाही.

फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. एक्स्पोर्ट केलेली फाइल फोनमध्ये घ्या, फ्लाइट मोड लावा आणि चालवा. छान चालली तर अडचण फाइलच्या आकारात किंवा वेबसाइटवर आहे. इथेही झटके बसले तर फ्रेम रेट किंवा कोडेक तपासा.

बिटरेट: सगळ्यात महत्त्वाचा आकडा

‘१०८०पी’ म्हणजे चित्राचा आकार: १९२० गुणिले १०८० पिक्सेल. पण एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी किती डेटा खर्च होतो, हे ठरतं बिटरेटवर. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, असा मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे हिशेब सोपा आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ. उत्तर एमबीमध्ये येतं.

आपला व्हिडिओ १८० सेकंदांचा आहे. ५० एमबीपीएसने एक्स्पोर्ट केला तर फाइल ११२५ एमबीची होते. ६ एमबीपीएसने केला तर १३५ एमबीची. फोनवर बघणाऱ्याला दोन्हींतला फरक जेमतेम कळेल. पण रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर असलेल्याचा तीन चतुर्थांश डेटा पहिली फाइल एकटीच खाऊन टाकेल. शिवाय ती न अडकता चालायला सलग ५० एमबीपीएसचा वेग लागेल. घरच्या फायबरवर तो मिळतो, गर्दीच्या लोकलमध्ये त्याची खात्री नाही.

मग किती ठेवायचा? ते चित्रात काय घडतंय यावर आहे. एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाच्या मागची भिंत प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते. कोडेक ती पुन्हा पुन्हा साठवत नाही, फक्त बदल साठवतो. अशा मुलाखतीला १०८०पीमध्ये ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. दहीहंडीत मात्र पाण्याचे फवारे, उडणारे रंगीत कागद आणि हलणारी गर्दी असते. फ्रेमचा प्रत्येक कोपरा बदलत राहतो. तिथे ६ ते ८ द्या, नाहीतर चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

प्रेक्षक बहुतेक फोनवरच असतील तर ७२०पीचाही विचार करा. तेही एचडीच आहे. पिक्सेल १०८०पीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे साधारण ३ ते ४ एमबीपीएसमध्ये काम होतं.

फाइल लहान आहे, तरी सुरू व्हायला वेळ का?

एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, हे ती सांगते. ती वाचल्याशिवाय ब्राउझरला व्हिडिओ सुरू करता येत नाही. गंमत अशी, की अनेक सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात, कारण सगळा व्हिडिओ तयार झाल्यावरच ती पूर्ण होते. मग ब्राउझरला फाइलचं शेपूट आधी मागवावं लागतं. सर्व्हर असा तुकडा देत नसेल, तर अख्खी फाइल उतरेपर्यंत थांबावं लागतं.

उपाय एका टिकमार्कचा आहे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ आणि दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘नेटवर्क ऑप्टिमायझेशन’ हा पर्याय निवडा. इतर ठिकाणी तो ‘फास्ट स्टार्ट’ नावाने दिसतो. अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते आणि चित्राच्या दर्जाला धक्काही लागत नाही.

कोडेक कोणता?

एच.२६४. हे मानक २००३चं आहे, म्हणजे जुनं. पण आज वापरात असलेले जवळपास सगळे फोन आणि ब्राउझर ते चालवतात. २०१३मध्ये आलेलं एचईव्हीसी (एच.२६५) तेवढाच दर्जा कमी जागेत देतं, पण सगळीकडे चालेलच असं नाही. आयफोन ‘हाय एफिशियन्सी’ सेटिंगवर एचईव्हीसीतच शूट करतो. ती फाइल जशीच्या तशी वेबसाइटवर टाकली, तर काहींना फक्त आवाज ऐकू येईल आणि चित्र काळं दिसेल.

आयफोनचा एचडीआर व्हिडिओ असेल तर एक्स्पोर्टच्या आधी तो एसडीआरमध्ये बदला. नाहीतर रंग फिके पडतात.

फ्रेम रेट: झटक्यांचं मूळ

कॅमेऱ्याने सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या आणि एक्स्पोर्ट ३०ने केलं, तर सॉफ्टवेअर दर सेकंदाला पाच जास्तीच्या फ्रेम भरतं. बहुतेकदा आधीचीच फ्रेम पुन्हा दाखवली जाते. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा हा झटका लगेच जाणवतो. म्हणून ज्या फ्रेम रेटने शूट, त्यानेच टाइमलाइन आणि त्यानेच एक्स्पोर्ट.

फोन काही वेळा शूट करताना फ्रेम रेट स्वतःहून कमी-जास्त करतो. अशा क्लिपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होत जातात. एडिटिंगच्या आधी ती क्लिप हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर काढून घ्या.

एक खास आपल्याकडची गोष्ट. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हॉलमध्ये शूट करताना २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं, तर चित्रात पट्टे फिरताना दिसत नाहीत. हा दोष एक्स्पोर्टमध्ये जात नाही, तो शूटिंगच्या वेळीच टाळावा लागतो.

मोठे प्लॅटफॉर्म कसं जमवतात?

१९ नोव्हेंबर २०२३ला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. असे प्लॅटफॉर्म सगळ्यांना एकच फाइल देत नाहीत. एकाच व्हिडिओच्या वेगवेगळ्या बिटरेटच्या आवृत्त्या बनवून त्यांचे काही सेकंदांचे तुकडे करतात. नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या आवृत्तीतून घेतो. चित्र थोडं धूसर होतं, पण थांबत नाही.

वेबसाइटवर थेट ठेवलेल्या एकाच एमपी४ फाइलला ही सोय नसते. १३५ एमबीची फाइल हजार जणांनी पूर्ण पाहिली तर सर्व्हरवरून १३५ जीबी डेटा जातो, साध्या होस्टिंग प्लॅनची मर्यादा तिथेच ओलांडू शकते. म्हणून लांब किंवा खूप पाहिला जाणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकून वेबसाइटवर एम्बेड करणं शहाणपणाचं. तिथे आवृत्त्या आपोआप बनतात. यूट्यूब त्या पुन्हा कॉम्प्रेस करतं, त्यामुळे त्याला मूळ फाइल चांगल्या दर्जाची द्या. १०८०पी, २५ किंवा ३० फ्रेमसाठी यूट्यूबची शिफारस ८ एमबीपीएसची आहे.

स्वतःच्या वेबसाइटसाठी सेटिंग (सेव्ह करून ठेवा)

- फॉरमॅट: एमपी४, कोडेक एच.२६४
- आकार: १०८०पी, प्रेक्षक मुख्यतः मोबाइलवर असतील तर ७२०पी
- बिटरेट: व्हेरिएबल, टू पास, सरासरी ५ आणि कमाल ८ एमबीपीएस (१०८०पी)
- फ्रेम रेट: शूट केला तोच
- कीफ्रेम: दर २ सेकंदांनी, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दर ५० फ्रेमनी
- आवाज: एएसी, १२८ ते १९२ केबीपीएस
- फास्ट स्टार्ट: चालू

शेवटची परीक्षा

लिंक पाठवण्याआधी घरचं वायफाय बंद करा. मोबाइल डेटावर, शक्यतो ऑफिसला जाण्याच्या गर्दीच्या वेळी लोकलमध्ये किंवा घाटकोपर–वर्सोवा मेट्रोत स्वतःचाच व्हिडिओ उघडून बघा. मध्येच पुढे सरकवून बघा. तुमच्या फोनवर तो शेवटच्या थरापर्यंत न थांबता चालला, तर बोरिवलीच्या मित्रालाही हंडी फुटताना दिसण्याची शक्यता बरीच वाढली.