बारा फुटांची जागा



गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर तालुक्याच्या गावी एका कचेरीत जाण्याचा योग आला. विहिरीच्या कामावर पडून त्याची कमरेखालची ताकद गेली आहे. बाजूला दोन जादा चाके लावलेली स्कूटर तो स्वतः चालवतो. चाकाची खुर्ची घडी करून मागे बांधलेली असते. कचेरीच्या दाराशी खुर्चीचे चित्र असलेली निळी पाटी होती. पण तिच्याखाली पाच मोटारसायकली आणि कोणा पाहुण्यांची मोटार! मग फाटकाबाहेर थांबलो. तिथून दारापर्यंत नुसता चिखल. खुर्चीची चाकं रुतली. तासभर खटपट करून दाखला न घेताच आम्ही परतलो. तो एवढंच म्हणाला, "सर, पाटी माझी आहे, जागा त्यांची."

ही पाटी आली कुठून, आणि जागा मागावी का लागली, हे आज थोडक्यात पाहू.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. चालता येणारा माणूस मोटारीचे दार अर्धवट उघडूनही अंग चोरून बाहेर पडतो. खुर्चीवाल्याला ते जमत नाही. दार पूर्ण उघडायला हवे, शेजारी खुर्ची मांडायला हवी, आणि मग हातांच्या जोरावर अंग तिच्यावर घ्यायला हवे. म्हणजे जागा नुसती जवळ असून भागत नाही. ती रुंदही हवी.

हा हिशेब अमेरिकेत प्रथम कागदावर आला. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या तरुणांसाठी इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी १९४८ साली शिक्षणाची सोय सुरू केली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९६१ साली इमारतींसाठी एक मानक तयार झाले. दोन गाड्यांच्या मधली अपंगांची जागा बारा फूट रुंद असावी, असे त्यात लिहिले होते. पण ते मानक होते, कायदा नव्हे. पाळले तर पाळले!

इंग्लंडात वेगळीच गंमत. तेथे सरकार अपंगांना एकाच माणसाची तीनचाकी गाडी देत असे. म्हणजे गाडी मिळाली; पण ती उभी कुठे करायची? १९५८ साली लंडनमध्ये गाडी उभी करण्याचे मीटर आले आणि रस्त्यावरची मोकळी जागा आटत चालली. दूर गाडी लावून चालत येणे ज्याला शक्यच नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न आल्फ मॉरिस या खासदाराने उचलला. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले. मुलगा लहान असतानाच ते वारले. अपंगांचे हाल त्याने घरातच पाहिले होते. निवडणुकीसाठी संसद विसर्जित होता होता, २९ मे १९७० रोजी, त्याचे विधेयक कायदा झाले. त्यातून १९७१ साली नारिंगी बिल्ला आला. २००० साली तो निळा झाला. यातली मेख अशी, की बिल्ला मोटारीचा नसतो, माणसाचा असतो. तो ज्या गाडीतून जाईल, त्या गाडीवर लागतो.

पाटीवरचे चित्र १९६८ साली सुसान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने काढले. त्यात नुसती खुर्ची होती. पुढच्या वर्षी तिच्यावर गोल डोके आले, आणि खुर्चीत माणूस बसला!

आपल्याकडे अपंगांसाठीचा कायदा १९९५ साली झाला. २०१६ च्या नव्या कायद्यात बसथांबे व रेल्वेस्थानकांवरच्या वाहनतळांचाही उल्लेख आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली होती. सरकारी मार्गदर्शक नियमांत अशी जागा ३.६० मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरांच्या आत असावी, असे म्हटले आहे. ३.६० मीटर म्हणजे जवळजवळ तेच बारा फूट!

तेव्हा कायदा आहे, माप आहे, पाटीही आहे. उणीव आहे ती आपल्या सवयीची. "पाचच मिनिटं लावतो," असं म्हणून आपण गाडी लावतो, आणि त्या पाच मिनिटांत कोणाची तरी दिवसभराची खेप फुकट जाते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेच्या दाराशी, उताराच्या तोंडाजवळ, एवढी जागा मुलांकडून चुन्याने आखून घ्या. ती मोजताना ती का मोजायची, हेही सांगा. मग तिथे आपली स्वतःची मोटारसायकल लावू नका. मुलं पाटी वाचत नाहीत, गुरुजींकडे पाहतात.

माझा तो विद्यार्थी पुन्हा त्या कचेरीत जाणार आहे. त्या दिवशी पाटीखालची जागा रिकामी असावी, एवढीच इच्छा.