हेरिंगची कुळे आणि समुद्राची हद्द

हाम्बुर्गचा नगराध्यक्ष योहान अँडरसन याचा आइसलँड व ग्रीनलँड यांविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४६ साली, प्रसिद्ध झाला. हेरिंग नामक मासळीची एकच अफाट सेना ध्रुवाकडील बर्फाखाली वास करते आणि दरसाल दक्षिणेस स्वारीवर निघून, तुकड्यातुकड्यांनी युरोपच्या किनाऱ्यांस भेट देऊन स्वस्थानी परतते, ही त्यातील कल्पना विद्वानांस दीर्घकाळ मोहवीत राहिली. मूळ खजिनाच जर एक व अक्षय, तर एका बंदराच्या जाळ्यांनी दुसऱ्या बंदराचे नुकसान होण्याचा प्रश्नच उरत नव्हता. ही सोय तिच्या लोकप्रियतेस थोडीफार कारण झाली असावी.

त्या कल्पनेचे निर्णायक खंडन फ्रीडरिख हाइंके या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने केले. प्रथम कील येथे व पुढे हेल्गोलँड बेटावरील प्रयोगशाळेचा संचालक या नात्याने त्याने हजारो हेरिंगांच्या कण्याचे मणके मोजले, पोटाखालील धारदार खवल्यांची गणती केली, डोक्याची व परांची मापे घेतली, आणि १८९८ साली आपला हेरिंगविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम शास्त्रज्ञापेक्षा एखाद्या चिवट मोजणी-कारकुनाचे वाटते, आणि हे मी गौरवार्थच म्हणतो; कारण सत्तावन्न मणक्यांचा एकटा मासा कोणत्या कुळीचा हे कोणीच सांगू शकत नाही, परंतु शेकडो माशांची सरासरी काढली, अनेक लक्षणे एकत्र जुळविली, म्हणजे एका किनाऱ्याचा समुदाय दुसऱ्याहून स्पष्टपणे निराळा दिसू लागतो. जातीचे लक्षण व्यक्तीत नसून जमावात असते, हा विचार त्या काळी नवीनच होता.

अर्थात मणके हा काही निर्दोष दाखला नव्हे. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट याने एकाच आईबापांची ट्राउट माशाची अंडी निरनिराळ्या तपमानात वाढविली, तेव्हा पिलांच्या मणक्यांची सरासरी बदललेली आढळली. म्हणजे वंशाची म्हणून वाचलेली खूण अंशतः पाण्याच्या उष्णतेचीच ठरली.

तरी व्यवहारात कुळाकुळांतील भेदाची कसोटी उत्तर समुद्रात लागली. स्कॉटलंडजवळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अंडी घालणारे बकन कूळ, त्याच्या दक्षिणेस डॉगर बँकेच्या आसपास शरदात घालणारे बँक्स कूळ, आणि इंग्लिश खाडीकडे ऐन हिवाळ्यात घालणारे डाउन्स कूळ, ही तिन्ही चरण्याच्या हंगामात एकाच कुरणात मिसळतात, आणि जाळ्याला कुळाचा विधिनिषेध नसतो. त्यामुळे एकूण आमदनी भरघोस दिसत असतानाही त्यांपैकी एखादे कूळ रसातळास जाऊ शकते. १९५० नंतरच्या दशकात डाउन्सची तीच गत झाली, आणि त्या कुळावर पोसलेल्या यार्मथ व लोस्टॉफ्ट या बंदरांचा शरदातील धंदा बसला. पुढे सबंध उत्तर समुद्राचीच हेरिंग इतकी आटली की १९७७ साली मासेमारीवर बंदीहुकूम काढणे भाग पडले. तो उठविताना मात्र समुद्र एक धरला गेला नाही, दक्षिण भाग १९८१ मध्ये व उरलेला १९८३ मध्ये मोकळा झाला.